रबरी रिंग बसविताना घ्यावयाची काळजी

– ऊस विकास अधिकारी



ठिबकचा संच घ्यायचा म्हटले की आपण चार ठिकाणी चौकशी करतो. पाईपची जाडी बघतो, फिल्टर बघतो, ड्रिपर किती लिटरचा ते विचारतो. पण दोन पाईपांच्या सांध्यात जी काळी रबरी रिंग बसते, तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती काय, पाईपाबरोबर फुकटच येते, अशी आपली समजूत.

मात्र गळतीची तक्रार आली आणि चर उकरून पाहिला, की पुष्कळ वेळा पाईप धडधाकट असतो आणि सांधा गळत असतो. सांधा खोलला तर रिंगेला एका बाजूला चीर गेलेली, नाहीतर रिंग पीळ पडून खाचेबाहेर आलेली दिसते. मग "माल खराब होता" असे म्हणून आपण मोकळे होतो. खरी गोष्ट अशी की ही चीर पडते ती जोडणीच्या दिवशीच. गळती मात्र दिसते महिना-दोन महिन्यांनी. तोवर चर बुजलेला असतो, ऊस कमरेला आलेला असतो आणि आत शिरायला वाट नसते.

गळतीने किती पाणी जाते याचा साधा हिशोब करू. एका सांध्यातून मिनिटाला १ लिटर पाणी गेले, तर तासाला ६० लिटर गेले. ताशी ४ लिटरचा ड्रिपर धरला, तर हे १५ ड्रिपरचे पाणी झाले. सहा तासांच्या पाळीत ३६० लिटर पाणी उसाला न मिळता एकाच जागी मुरते. तेवढी जागा चिबडते, तिथल्या उसाची मुळी कुजते आणि शेवटच्या टोकाचा ऊस दाब कमी पडल्याने बारीक राहतो. पाणी वाचवायला हजारो रुपये घातले आणि सांधा गळका ठेवला, म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा !

रिंग पाणी कसे अडवते ?

पाईप सॉकेटमध्ये गेला की रिंग दोन्हींच्या मध्ये थोडी दाबली जाते. रबराचा गुण असा की दाबले तरी ते मूळ आकारात यायला धडपडते. त्या धडपडीनेच फट बंद राहते. आतून पाण्याचा दाब आला की रिंग आणखी घट्ट बसते. म्हणजे रिंग धड असेल, तर दाब तिचा मित्र आहे. पण रिंगेला चीर असेल, तर तोच दाब त्या चिरेतून वाट काढतो.

ही लवचिकता गेली तर काय होते, याचे मोठे उदाहरण जगाने पाहिले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि आतील सातही जण मृत्युमुखी पडले. चौकशीत कारण निघाले ते रॉकेटच्या नळकांड्यांच्या सांध्यातील रबरी रिंगांचे. कडाक्याच्या थंडीने त्या ताठरल्या होत्या, त्यामुळे सांध्याची फट वेळेवर बंद करू शकल्या नाहीत. आपल्याकडे तेवढी थंडी नाही. पण वर्षभर उन्हात पडलेली रिंगही अशीच ताठर होते. म्हणून बसविण्यापूर्वी प्रत्येक रिंग ताणून आणि दुमडून पाहावी. बारीक भेगा दिसल्या, की ती रिंग बाजूला टाकावी. जोडणीपर्यंत रिंगा सावलीत, पिशवीत ठेवाव्यात. खिळ्याला टांगू नयेत आणि डिझेलच्या कॅनजवळ तर मुळीच ठेवू नयेत.

पी.व्ही.सी. पाईपचा रिंग जोड

रिंग कापणारा पहिला शत्रू म्हणजे पाईपचे कापलेले टोक. कारखान्यातून येणाऱ्या पाईपच्या टोकाला तासून उतार दिलेला असतो. आपण शेतात करवतीने पाईप कापतो, तेव्हा टोक काटकोनात राहते आणि कडेला कुसळे निघतात. असे टोक रिंगेवर ढकलले, की ते विळ्यासारखे काम करते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१) पाईप सरळ कापावा. पाईपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून कड जुळवली, की सरळ रेघ मिळते. रेघेवरून करवत चालवावी.

२) कापलेल्या टोकाला कानशीने चोहोबाजूंनी सारखा उतार द्यावा. साधारण १५ अंशांचा, म्हणजे लांबट आणि निमुळता. टोक अगदी सुरीसारखे पातळ करू नये. नंतर आतली-बाहेरची कुसळे पॉलिश पेपरने घासून काढावीत. बोट फिरवून पाहावे. बोटाला टोचले तर रिंगेलाही टोचणार.

३) सॉकेटमधील खाच ओल्या फडक्याने पुसावी. वाळूचा एक खडा रिंगेखाली राहिला, तरी तिथून पाणी झिरपते.

४) रिंग खाचेत सगळीकडे सारखी बसवावी. पीळ पडू देऊ नये. काही रिंगांना ओठ असतो. त्या ओठाचे तोंड सॉकेटच्या आतल्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या दाबाकडे असावे. उलटी बसली, तर पाईप शिरतानाच ओठ दुमडतो.

५) सॉकेटची खोली मोजून पाईपच्या टोकावर पेन्सिलने खूण करावी. खुणेच्या सुमारे १ सेंटीमीटर अलीकडे पाईप थांबला पाहिजे. याचे कारण असे : ६ मीटरचा पी.व्ही.सी. पाईप १० अंश तापमान बदलले की सुमारे ४ मि.मी. लांब किंवा आखूड होतो. भर दुपारी तापलेला पाईप जोडला आणि आत विहिरीचे गार पाणी आले, की तो आक्रसतो. थंड पहाटे टोकाला टोक भिडवून जोडला, तर दुपारी त्याला वाढायला जागा राहत नाही. म्हणून जोडणी शक्यतो सकाळी करावी आणि ही मोकळी जागा सोडावी.

६) टोकाला व रिंगेला साबणाचे पाणी लावावे. मग दोन्ही पाईप एका सरळ रेषेत धरून ढकलावे. जास्त जोर लागला, तर मागच्या टोकाला आडवा लाकडी ठोकळा धरून पहारीने रेटावे. तिरका पाईप घालून मग सरळ करणे, किंवा घणाने ठोकणे, ही रिंग फाडण्याची खात्रीची रीत आहे. "बसंना म्हणून दोन ठोके दिले" असे ऐकले, की तो सांधा गळणार असे समजावे. पाईप बसत नसेल, तर बाहेर काढून रिंग पाहावी. बहुधा ती खाचेतून सरकलेली असते.

रिंगेच्या जोडाला पाईप चिकटविण्याचे सोल्युशन कधीही लावू नये. सोल्युशनचा जोड वेगळा आणि रिंगेचा वेगळा. सोल्युशनने रबर खराब होते आणि जोडाची हालचालही बंद होते.

सबमेनवरचे ग्रोमेट

एकराच्या प्लॉटला पाच फुटी पट्ट्याने चाळीसच्या आसपास लॅटरल निघतात. म्हणजे सबमेनला तेवढी भोके आणि तेवढीच रबरी ग्रोमेटे आली. एकेक गळती थोडी वाटते, पण बेरीज मोठी होते.

ग्रोमेट कापले जाते भोकाच्या कडेने. ग्रोमेटसाठी जे माप सांगितले असेल, त्याच मापाचे ड्रिल वापरावे. "जवळपासचं चालतंय" हा हिशोब इथे चालत नाही. भोक मोठे झाले तर ग्रोमेट ढिले राहते, लहान झाले तर कोंबताना फाटते. तापवलेल्या सळईने भोक पाडू नये. कड वितळून वेडीवाकडी होते. ड्रिल पाईपच्या मध्यावर उभे धरावे. समोरच्या भिंतीला टोचा लागू नये म्हणून ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करावी आणि तिथेच थांबावे.

भोक पाडल्यावर कडेचा कीस काढावा. पॉलिश पेपरची सुरळी करून भोकात दोन-चार वेळा फिरवली तरी पुरे. मग ग्रोमेट बोटाने दाबून बसवावे. त्याची खाच पाईपच्या जाडीत सगळीकडून बसली का ते पाहावे. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. नंतर टेक-ऑफला साबणाचे पाणी लावून, थोडे फिरवत, सरळ दाबावे. लॅटरल आधी जोडून मग टेक-ऑफ पिळत बसवला, तर ग्रोमेटही त्याच्याबरोबर पिळते.

लॅटरल टेक-ऑफवर चढविताना मऊ वस्तू म्हणजे लॅटरल. ती चढत नाही म्हणून कित्येक जण काडी ओढून टोक तापवतात. त्याने नळी एका बाजूला पातळ होते आणि पुढे तिथेच तडकते. टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवले, की ते मऊ होते आणि अलगद चढते. मजूर बायांजवळ थर्मासभर गरम पाणी दिले, तर काम लवकरही होते.

मोटार, पंप आणि फवारणी पंप

हाच नियम घरच्या इतर दुरुस्त्यांनाही लागू आहे. पंपाचा किंवा ट्रॅक्टरचा ऑईल सील बदलताना शाफ्टवरची चावीची खाच आणि आटे हे सीलच्या ओठाला सुरीसारखे असतात. म्हणून त्यांच्यावर पातळ चिकटपट्टी गुंडाळावी, सीलच्या ओठाला थोडे ऑईल लावावे, सील वरून सरकवावा आणि मग पट्टी काढून घ्यावी. सीलची स्प्रिंगची बाजू जे ऑईल अडवायचे त्याकडे असते. सील घरात बसविताना बाहेरच्या गोलाच्या मापाचा पाईपचा तुकडा वर ठेवून सारखा दाबावा. हातोड्याने एकेक कड ठोकली, की सील तिरपा बसतो आणि नवा असूनही गळतो.

फवारणी पंपाचा वाटीसारखा वॉशर सिलिंडरमध्ये घालताना त्याची कड उलटी दुमडते. चामड्याचा वॉशर असेल तर आधी तेलात भिजवून मऊ करावा. वाटी थोडी कलती करून एक बाजू आत घ्यावी. उरलेली कड चमच्याच्या दांड्यासारख्या बोथट वस्तूने आत सारावी. चाकू किंवा ब्लेड जवळही आणू नये.

वंगण कोणते लावावे ?

हा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतला, कारण इथे चूक फार होते. घरात ग्रीसचा डबा असतो, जळके ऑईल असते. "तेल लावलं की गुळगुळीत सरकतं" हे खरेच. पण पाण्याच्या पाईपांतील पुष्कळ रिंगांचे रबर खनिज तेल पिऊन फुगते, मऊ पडते आणि कालांतराने निकामी होते. म्हणून पाण्याच्या सांध्याला ग्रीस, ऑईल, डिझेल लावू नये. साबणाचे पाणी किंवा पाईपबरोबर मिळणारे वंगणच लावावे. ऑईल सीलचे रबर वेगळे. ते तेलातच राहण्यासाठी बनविलेले असते, त्याला ऑईल चालते. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे : ज्या रबराला पुढे पाण्यात राहायचे त्याला साबणपाणी, आणि ज्याला तेलात राहायचे त्याला तेल.

चर बुजविण्यापूर्वी

जोडणी झाल्यावर पाईपच्या मधल्या भागावर माती ओढावी, पण सांधे उघडे ठेवावेत. आधी फ्लश व्हॉल्व्ह उघडून पंप सुरू करावा, म्हणजे आतला कीस आणि माती निघून जाईल. तो कीस राहिला, तर ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. मग व्हॉल्व्ह बंद करून पूर्ण दाब द्यावा. एकेका सांध्यावर आणि ग्रोमेटवर हात फिरवून पाहावा. ओल दिसली तर तो सांधा त्याच वेळी खोलावा. रात्रीची लाईट असेल, तर ही तपासणी बॅटरीच्या उजेडात उरकू नये. दिवसाच्या पाळीपर्यंत चर उघडा ठेवावा. एक दिवस थांबल्याने लागण बुडत नाही. पण बुजविलेला चर उभ्या उसात उकरायचा म्हणजे सरीच्या सरी तुडवाव्या लागतात.

थोडक्यात सांगायचे तर, कड मारावी, रिंग पुसावी, साबण लावावा, सरळ ढकलावे, खुणेवर थांबावे आणि पाणी सोडून पाहावे. याला सांध्यामागे पाच मिनिटे जास्त लागतात. फिटर ठेक्याने काम करीत असेल, तर ही पाच मिनिटे त्याला परवडत नाहीत. म्हणून मालकाने स्वतः चरावर उभे राहावे आणि निदान कापलेल्या प्रत्येक टोकावर बोट फिरवून पाहावे.

येत्या लागण हंगामात नवीन ठिबक करणाऱ्या सभासदांनी चर बुजविण्यापूर्वी आपल्या गट ऑफिसला निरोप द्यावा. शेती विभागाचा कर्मचारी सांधे पाहून जाईल. आपले पाणी आपल्याच उसाच्या मुळाशी पोहोचले पाहिजे, एवढीच विनंती.