सतरा आकड्यांना घाबरलीस होय गं?

काल रात्री पोरीची वही पुढ्यात घेऊन फोन केलास, आवाज अगदी रडवेला. "ताई, १२३४५६७८९८७६५४३२१! वाचायची कशी?" अगं, दुधाचा रतीब, वाण्याची उधारी, उसाच्या टोळीची उचल, सगळं तोंडी सांभाळतेस तू. ही तर नुसती डब्यांची गाडी.

उजवीकडून एकं, दहं, शतं करत जा. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या क्रमानं डावीकडचा शेवटचा १ 'मध्य'च्या घरात बसतो. परार्ध त्याच्या शेजारचं घर.

आता गंमत बघ. ११ गुणिले ११ किती? १२१. १११ गुणिले १११? १२३२१. असे नऊ एक मांडून त्यांना त्यांनीच गुणलं की तुझी ही सतरा आकडी संख्या येते. उभी मांडणी कर, एकांच्या पायऱ्या दिसतील. मधल्या रकान्यात नऊच एक पडतात, म्हणून हातचा येतच नाही. दहावा एक घातलास की हातचा आला आणि डौल बिघडला.

देवळालीचे कापरेकर मास्तर अशा संख्यांना अद्भुत डेम्लो संख्या म्हणायचे. डेम्लो म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनाचं जुनं नाव. आपण खुटबावच्या फलाटावर डेमूची वाट बघत शेंगा खातो, मास्तरांना स्टेशनात संख्या सुचायच्या!

सगळे आकडे मिळव बरं. ८१ येतात ना? आणि ८१ नं ही संख्या निःशेष भागही जाते, कारण त्या नऊ एकांना ९ नं भाग जातो आणि इथे ते दोनदा गुणलेत. आपल्याच आकड्यांच्या बेरजेनं भागली जाणारी, ती हर्षद संख्या. हे नावही मास्तरांचंच.

खरं सांगू का, हे ९ प्रकरण मला फार महागात पडून कळलं. बचत गटाच्या वहीत ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले आणि ९०० रुपयांसाठी अर्धी रात्र जागले. डबे उपसले, नवऱ्याचे खिसे तपासले, त्याच्यावर संशयही घेतला बिचाऱ्यावर! आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला ९ नं भाग जातोच. म्हणून हिशोब जुळला नाही की आधी फरकाला ९ नं भागून बघ, मगच घरच्यांवर डोळे वटार. मास्तरांचा तो प्रसिद्ध ६१७४ देखील याच नऊच्या गोतावळ्यातला. त्याच्या आकड्यांची मोठ्यात मोठी संख्या ७६४१, लहानात लहान १४६७. वजा कर, पुन्हा ६१७४!

आज पोरीला दहा एकांचा गुणाकार घाल. मध्ये दोन शून्यं आली तर बरोबर आहे म्हण. तू मात्र पाठ करून बसू नकोस गं, तिच्याबरोबरच मांड. चुकलात तर रविवारी या दोघी, गूळपोळ्या करतेय.