वानखेडेवर दुपारची मॅच: अंगावर काय, खिशात काय?

प्रश्न: मुलाची दहावीची परीक्षा झाली की त्याला वानखेडेवर आयपीएलचा सामना दाखवायचं कबूल केलंय. दुपारी साडेतीनचा सामना बघावा म्हणतो. सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई. क्रिकेटचं वेड त्यांनाच जास्त. छत्री, पाण्याची बाटली, डबा, काहीच आत नेऊ देत नाहीत असं ऐकलं. असं का? आणि मग एप्रिलच्या उन्हात जायचं तरी कशाच्या जोरावर?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: ऐकलंत ते खरं आहे, आणि त्याला कारण आपणच प्रेक्षक. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात २५२ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ८ बाद १२० झाली, मैदानात बाटल्या येऊन पडू लागल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. २०१५ साली कटकला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारत ९२ धावांत आटोपला, तेव्हाही बाटल्यांपायी खेळ थांबवावा लागला. तेव्हा गेटवरचा पोलीस तुमच्या हातातल्या वस्तूकडे एकाच नजरेनं बघतो: ही फेकता येईल का? बाटली, पॉवर बँक, डबा, हेल्मेट, बऱ्याच ठिकाणी सुटी नाणीसुद्धा त्यात बसतात. छत्री टोकदार असते आणि मागच्याचा सामना झाकते, म्हणून तीही नाही. नेमकी यादी तिकिटासोबत दिलेली असते. ती घरीच वाचा, कारण गेटवर काढून घेतलेली वस्तू परत मिळेल असं धरून चालू नये.

म्हणजे उन्हाची सोय पिशवीतून नेता येत नाही. ती अंगावर न्यायची, पोटातून न्यायची, आणि सगळ्यात आधी तिकीट काढताना करायची. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. स्वस्त काय आणि खेळपट्टीच्या मागे काय, एवढंच बघून जागा घेतात.

क्रिकेटची खेळपट्टी साधारणपणे उत्तर-दक्षिण असते, मावळतीचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. न्यूझीलंडमधल्या नेपियरची खेळपट्टी पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे जानेवारी २०१९ मध्ये भारताविरुद्धचा एकदिवसीय सामना चक्क उन्हासाठी अर्धा तास थांबवावा लागला होता. फलंदाजाची अशी काळजी घेतली जाते; पूर्वेच्या स्टँडमधल्या प्रेक्षकाची कोण घेतो? तो साडेतीनपासून सूर्यास्तापर्यंत पश्चिमेकडे तोंड करून बसतो. छप्पर असलं तरी पाचनंतर सूर्य त्याच्याखालून थेट आत येतो. पश्चिमेच्या स्टँडमध्ये मात्र सूर्य पाठीमागे जातो आणि सावली तुमच्या बाजूनं सुरू होऊन मैदानावर पसरत जाते. मरीन ड्राइव्हची बाजू ती पश्चिम, रेल्वे रुळांची ती पूर्व, एवढं लक्षात ठेवून वानखेडेचा नकाशा बघा. पश्चिमेलाही छपराखालच्या, मागच्या रांगा घ्या. पुण्याजवळ गहुंज्याला तर स्टँडची नावंच दिशांवर आहेत. तिथे बराचसा प्रेक्षक उघड्यावर बसतो, तेव्हा दिशा आणखी महत्त्वाची.

आता कपडे. मुलाला जर्सी हवी असणार, आणि चर्चगेट स्टेशनबाहेर ती स्वस्तात मिळते. ती बहुधा जाड पॉलिस्टरची, गडद रंगाची आणि अंगाला चिकटणारी असते. मुंबईचा पारा ३३-३४ च्या आसपास असतो, विदर्भातला माणूस त्याला ऊन म्हणायलाही तयार होणार नाही. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० अंशांचा निकष लावतं, तर किनारपट्टीवर ३७ चा. तेव्हा सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालायचा आणि जर्सी कमरेला बांधून न्यायची. सूर्य मावळला की घालू दे. पँटही पूर्ण लांबीची असावी. दुपारभर तापलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बर्म्युडा घालून बसून बघा म्हणजे कळेल. पायांत बंद बूट, कारण पायऱ्या उभ्या असतात आणि गर्दीत चपलेवर पाय पडतो.

टोपी गोल काठाची घ्या, पंच घालतात तशी. क्रिकेटची कॅप कपाळ झाकते, पण कान आणि मान उघडीच राहतात. आणि एक पंचा न्या. याच्याइतकी उपयोगी वस्तू स्टेडियममध्ये दुसरी नाही, आणि पंचा कोणी फेकून मारत नसल्यानं गेटवर हरकत यायचं कारण नाही. खुर्चीवर अंथरा, डोक्यावर घ्या, ओला करून मानेवर टाका; पातळ असल्यानं लगेच वाळतो. पुण्याच्या दुचाकीवरच्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात त्याला लोक हसतात, पण उन्हाचं शास्त्र त्यांनाच कळलेलं आहे. सनस्क्रीन एसपीएफ ३० चं पुरे, पण घरून निघताना एकदा लावून भागत नाही; दर दोन तासांनी लावावं लागतं. लहान मऊ ट्यूब चालते का, ते यादीत बघा. चौकार-षटकारांचे पुठ्ठे वाटले जातात, ते मात्र जरूर घ्या. वारा घ्यायला आणि डोळ्यांवर धरायला त्यांचा उपयोग चौकारापेक्षा जास्त होतो.

खरी कसोटी मात्र सामन्यात नसते, रांगेत असते. गेट दोनेक तास आधी उघडतात, म्हणजे तुम्ही दीड-दोनच्या उन्हात उभे राहणार. एप्रिल-मेमध्ये मुंबईत सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. भिंतीलासुद्धा सावली नसते. म्हणून पाण्याची तयारी आदल्या संध्याकाळपासून करा. सकाळी पोटभर न्याहारी, मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत, आणि रांगेत शिरण्यापूर्वी दोन पेले पाणी. बाटली रांगेत प्या आणि गेटवर टाका. आत पाणी मिळतं, पण भरवसा ठेवू नका: ऑक्टोबर २०२४ मध्ये गहुंज्याच्या भारत-न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्या दिवशी पाण्यावाचून प्रेक्षकांनी घोषणा दिल्या होत्या आणि क्रिकेट संघटनेला माफी मागावी लागली होती. तहान लागायची वाट न बघता, विक्रेता दिसला की घ्या. आणि हो, खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं सासूबाई म्हणतील. त्याचा उपयोग शून्य. शिवाय कांदा फेकता येतो.

सासूबाईंचं थोडं गंभीरपणे बोलतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा जीव गेला. तिथे कोणी धावपळ केली नव्हती. नुसतं बसणंही ऊन लागायला पुरतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून शरीरातलं पाणी कमी होतं, म्हणून जाण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि औषधं चिठ्ठीसह जवळ ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम अशी सुरुवात झाली तर ‘ही ओव्हर संपू दे’ म्हणत थांबू नका. सावलीत नेऊन पाणी पाजा, मानेवर ओला पंचा ठेवा. बोलण्यात गोंधळ होऊ लागला, अंग तापून निघालं, तर तो उष्माघात. तेव्हा तोंडात पाणी ओतायचं नाही. अंग ओलं करून वारा घालायचा आणि मैदानावरच्या वैद्यकीय पथकाला हाक मारायची, किंवा १०८ ला फोन करायचा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मुलगा आणि तुम्ही असता तर साडेतीनच्या सामन्याला माझी ना नव्हती. सासूबाई येणार असतील तर साडेसातच्या सामन्याची तिकिटं काढा. घरी परतायला उशीर होईल, त्यामुळे मुंबईतल्या नातेवाइकांकडे मुक्कामाचं आधी कळवून ठेवा.