डोळे सुजतात तेव्हा

मंडळी, सकाळी तोंड धुताना एखाद्या दिवशी डोळे जड वाटतात. आरशात पाहिले तर पापण्या सुजलेल्या दिसतात. घरातले म्हणतात, "रात्री झोप झाली नाही वाटतं!" पुष्कळदा ते खरेच असते. पण नेहमी खरे नसते. साधी सूज कोणती आणि धोक्याची सूज कोणती, हे ओळखता आले पाहिजे. आम्हाला एकदा ते ओळखता आले नाही. ती गोष्ट आधी सांगतो.

आम्ही शाळेत हेडमास्तर होतो. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. तो सकाळी शाळेत यायचा तो डोळे सुजवूनच. आम्हाला वाटले, पोरगा झोपाळू आहे. "काय रे, अजून झोपेतच का?" असे म्हणून आम्ही त्याला उभे करायचो. मुले हसायची. दुपारपर्यंत त्याचे डोळे बरे दिसायचे, म्हणून आमची खात्रीच झाली. पंधरा दिवसांनी त्याचे पोट फुगले आणि पायांत चप्पल जाईना. मग आई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. लघवी तपासली. मुलाच्या मूत्रपिंडाला, म्हणजे किडनीला, रोग झाला होता. तो झोपाळू नव्हता, आजारी होता.

पुढचे ऐका. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक कागद दिला. थोड्या दिवसांत सूज उतरली. आईला वाटले, पोर बरे झाले. तिने गोळ्या बंद केल्या. सूज परत आली, पहिल्याहून जास्त. कागदावर स्पष्ट लिहिले होते, "गोळ्या मनाने बंद करू नका." तो कागद घरातच कोनाड्यात होता. पण घरात वाचणारे कोणी नव्हते. आणि आम्ही वाचणारे हाकेच्या अंतरावर असून विचारायला गेलो नाही. उपचार पुन्हा सुरू झाले आणि मुलगा वाचला. पण ही चूक आम्ही विसरलो नाही.

पापणी लवकर का सुजते?

आपल्या अंगावर सगळ्यांत पातळ कातडी पापणीची असते. तिची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. तिच्याखालचा भाग सैल असतो. अंगात पाणी साठू लागले की ते या सैल जागी आधी दिसते. रात्री आपण आडवे असतो, म्हणून पाणी तोंडाकडे जमते. सकाळी उठून हिंडू-फिरू लागले की ते खाली उतरते. म्हणून सूज सकाळी जास्त आणि दुपारी कमी असते.

साधी सूज

जागरण झाले, रडणे झाले, रात्री खारट खाणे झाले, तर पापण्या सुजतात. अशी सूज दोन-चार तासांत उतरते. तिला औषध नको. स्वच्छ फडके गार पाण्यात भिजवून पिळावे आणि मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवावे. निजताना उशी थोडी उंच घ्यावी. मीठ कमी खावे. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक चमचाही भरून नाही. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे यांतले मीठही त्यातच मोजायचे, बरं का!

डोळ्यांना खाज सुटून पापण्या सुजल्या, तर धूळ, धूर, परागकण किंवा काजळ सोसत नसेल. डोळे चोळू नयेत. चोळल्याने सूज वाढते. चुलीचा धूर आणि विडीचा धूर दोन्ही टाळावेत.

पापणीच्या कडेला दुखरी पुळी येते, तिला आपण रांजणवाडी म्हणतो. ती फोडू नये. सोसेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ फडके भिजवून दिवसातून तीन-चार वेळा शेकावे. बहुधा आठवडाभरात ती बरी होते. वाढत गेली तर डॉक्टरांना दाखवावी.

वयामुळे लोंबणारी कातडी

म्हातारपणी डोळ्यांखाली पिशव्या येतात. आमच्याही डोळ्यांखाली आहेत! डोळ्याभोवती चरबीची गादी असते. तिला एक पातळ पडदा धरून ठेवतो. वय झाले की पडदा सैल पडतो आणि चरबी पुढे येते. कातडीचाही ताण जातो. ती जुन्या गोधडीसारखी ढिली पडते. काही घराण्यांत हे लवकर होते. ऊन आणि तंबाखू यांनी कातडी लवकर सैल होते. उन्हात जाताना डोक्यावर टोपी किंवा पदर घ्यावा.

हा रोग नव्हे. कोणतेही मलम लावून ही पिशवी जात नाही. बाजारात महागड्या बाटल्या मिळतात, त्यांवर पैसे घालवू नका. मात्र वरच्या पापणीची कातडी बाहुलीवर येऊन दिसायला आड येत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. जागा बधिर करून जादा कातडी काढता येते.

सूज निरोप आणते तेव्हा

रोज सकाळी दोन्ही डोळे सुजतात, पायांवर सूज आहे, लघवी कमी होते, तिला फेस येतो किंवा ती लाल दिसते, तर मूत्रपिंड तपासावे. नडगीवर बोट दाबून धरा. बोट काढल्यावर खड्डा राहिला, तर अंगात पाणी साठले आहे असे समजा. लघवीची तपासणी सोपी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. आशाताईंनाही विचारता येते.

तोंड सुजट दिसते, थंडी सोसत नाही, अंग जड वाटते, वजन वाढते, तर गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले असेल. ते रक्त तपासून कळते आणि त्यावर रोजची गोळी असते. गरोदर बाईच्या तोंडावर सूज आली आणि डोके दुखू लागले, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा.

एक घटकाही थांबू नका

एकच डोळा लाल होऊन सुजला, ताप आला, डोळा हलवताना दुखतो किंवा कमी दिसते, तर लगेच इस्पितळात जावे. औषध खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर डोळे आणि ओठ सुजले, दम लागला, तरी तसेच.

आता सूज नाही, पण पापणी एकाएकी खाली पडली, तर तेही लक्षात ठेवा. तोंड वाकडे झाले आणि हातातला जोर गेला, तर तो पक्षाघात असू शकतो. जमिनीवर निजलेल्या माणसाच्या दोन्ही पापण्या पहाटे मिटू लागल्या, पोटात दुखते, बोलता-गिळता येत नाही, तर मण्यार साप चावला असेल. मण्यार चावल्याचे फार दुखत नाही. खूणही दिसतेच असे नाही. अशा वेळी मांत्रिकाकडे जाण्यात जीव जातो. सर्पविषावरचे औषध इस्पितळातच मिळते. महाराष्ट्रात 108 नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते.

हे करू नका

डोळ्यांत मध, पाल्याचा रस, अंगावरचे दूध किंवा लघवी घालू नका. दुसऱ्याच्या बाटलीतले थेंब घालू नका. दुकानातून मनाने थेंब आणू नका. काही थेंबांनी आराम पडतो, पण ते फार दिवस घातले तर दृष्टी जाऊ शकते.

आणि शेवटचे सांगतो. डॉक्टरांचा कागद कोनाड्यात टाकू नका. तुम्ही आता अक्षरे शिकला आहात. कागद वाचा. अक्षर लागले नाही तर विचारा. त्या मुलाची आई पुढे रात्रीच्या वर्गाला आली. आता घरात येणारा प्रत्येक कागद ती स्वतः वाचते, आणि शेजारणींनाही वाचून दाखवते.

सांगा पाहू

1. पापण्यांची सूज सकाळी जास्त का असते?
2. मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असतील, तर आणखी कोणत्या खुणा पाहाल?
3. मुलाच्या आईने गोळ्या बंद का केल्या? तुम्ही तिचे शेजारी असता, तर काय केले असते?
4. तुमच्या घरात दवाखान्याचा कागद आहे का? तो आज वाचा.