गालिच्याची धुलाई आणि वाढलेले दर

प्रश्न : वडिलांच्या काळी नगावर ठरवून थोडक्या रुपयांत धुतला जाणारा ६ बाय ९ फुटांचा लोकरी गालिचा धुण्यास आता चौरस फुटाचा दर सांगतात. ही लूट नव्हे काय?
— एक वाचक, प्रभादेवी

उत्तर : आकडा वाढला म्हणून लूट झाली, असा ग्रह करून घेऊ नये, कारण मजुरांचे वेतन, जागेचे भाडे आणि वाहतूक ही सर्वच वाढली असून, १ जुलै २०१७ पासून नोंदणीकृत व्यावसायिकाच्या बिलात १८ टक्के जीएसटीही येतो. आपल्या ५४ चौरस फुटांची करासह एकूण रक्कम आगाऊ लेखी घ्यावी. नोंदणी नसलेल्यास कर मुळीच देऊ नये. कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का, ते अवश्य पाहावे. पावसाळ्यात, समुद्राकाठच्या दमट हवेत, गालिचा आतून वाळत नाही. सबब धुलाई दिवाळीनंतर करावी, तोवर उलटा टाकून झोडपणे पुरेसे आहे.