मोजणी इसारानंतर, पण खरेदीआधी

प्रश्न : मूर्तिजापूर तालुक्यात तीन एकर कोरडवाहू शेत घेत आहे. मालक म्हणतात, आधी खरेदी उरकून घ्या, मोजणी मागाहून होईल. मोजणी केव्हा टाकावी आणि पैसे कोणी भरावेत?
— एक वाचक, अकोला

उत्तर : मागाहून मुळीच नको. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात. शेत जागेवर किती भरते हे ते पाहायला येत नाहीत. मूर्तिजापूर-दर्यापूरकडची जमीन खोल काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि हद्दीचे जुने दगड पोटात घेते. त्यात दर साली नांगराचे एखादे तास सरकले, की काही वर्षांत धुरा कुठला कुठे जातो. खरेदीनंतर दहा गुंठे कमी निघाले, तर पैसे मालकाकडे गेलेले असतात आणि धुरेकऱ्याशी वाद तुमच्या गळ्यात पडतो.

मोजणीचा अर्ज सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच करता येतो. म्हणून आधी थोडका इसार द्या आणि इसारचिठ्ठीत स्पष्ट लिहून घ्या : मालक भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मोजणी टाकतील, भाव एकरी धरला जाईल आणि मोजणीत भरेल तेवढ्याच जमिनीचे पैसे दिले जातील. इसाराआधी फी भरू नका. सौदा दुसरीकडे वळला तर ती बुडालीच. फी कोणी भरायची हे आपसांत ठरते. माझ्या मते ती घेणाऱ्याने भरावी, म्हणजे मालकाला टाळाटाळ करायला सबब उरत नाही. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांनुसार ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये लागतात. तुमचे तीन एकर त्यात बसतात.

पऱ्हाटी-तूर उभी असताना मोजणी अवघड जाते. हिवाळ्यातच अर्ज टाकला, तर रान मोकळे झाल्यावर काम होते. खासगी मोजणीदार लवकर येतो, अंदाजापुरता ठीक. वादात मात्र सरकारी मोजणी नकाशाची ‘क’ प्रतच चालते.

सातबारा भावाभावांत सामाईक असेल, तर आधी वाटणी आणि पोटहिस्सा होऊ द्या. कर्नाटकात सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा तर आधी अकरा-ई नकाशा करावाच लागतो. आपल्याकडेही ती शिस्त पाळली जावी, असे मला मनापासून वाटते.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. भूकरमापकाने दाखवलेल्या खुणांवर धुरेकऱ्यांसमोर लगेच दगड रोवून घ्या. ‘क’ प्रत हाती आली, की तिच्यावरून चतुःसीमा आणि क्षेत्र खरेदीखतात घाला. मुद्रांक शुल्क त्यानंतरच भरा.