नजर टाकणे आणि कानावर पडणे

सोलापूर,
२० जून

चि. बाळूस,


वैरागात शिक्षणसेवक म्हणून रुजू झालास आणि आल्याआल्या सहावी ते आठवीचं विज्ञान तुझ्या गळ्यात पडलं, हे वहिनीकडून कळलं. परवा तू विचारलंस, "आत्या, प्रकाश आणि ध्वनी कसं शिकवू? शाळेत साहित्यच नाही." फोनवर तू नुसता हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून हे लिहून पाठवते आहे.

साहित्य नाही यावर माझा विश्वास नाही. एक लोखंडी कपाट असेल, त्याला कुलूप असेल, आणि आत नादकाटे, लोलक, आरसे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले असतील. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, फुटलं तर भरून कोण देणार, या धास्तीनं ते वर्षानुवर्षं बाहेर निघत नाहीत. नोकरीची पहिली दहा वर्षं मीही तशीच वागले. तू किल्ली माग. नाहीच मिळाली तरी अडणार नाही. पुढे जे सांगते आहे ते बहुतेक सगळं वैरागच्या बाजारात नाहीतर पोरांच्या घरात मिळतं.

पहिल्या तासाला व्याख्या सांगू नकोस. फळ्यावर एक सूर्य काढ, एक झाड काढ, झाडाकडे बघणारा एक मुलगा काढ. पोरांना म्हण, मुलाला झाड दिसतं ते कसं, बाण काढून दाखवा. निम्मा वर्ग मुलाच्या डोळ्यातून झाडाकडे बाण काढील. मी पहिल्यांदा हे करून घेतलं तेव्हा सगळ्या वह्यांवर लाल पेनानं फुल्या मारल्या आणि झाडाकडून डोळ्याकडे येणारा बाण फळ्यावर काढून दिला. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, डोळ्यातनं काहीच जात नाही, तर मग नजर लागती कशी?" सगळा वर्ग तिच्या बाजूचा. मी रागावून तिला खाली बसवलं.

रात्री भाकरी थापताना तिचंच वाक्य डोक्यात. आपण मराठीत नजर टाकतो, फिरवतो, रोखतो, भिडवतो. बाळाला कुणाची तरी लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळतो. ही सगळी क्रियापदं डोळ्यातून बाहेर जाणारी. पोरीनं चूक केलीच नव्हती, तिनं भाषेवर विश्वास ठेवला होता. आणि तिच्या पंगतीला मोठी माणसं होती बरं. ग्रीकांचा युक्लिड डोळ्यातून किरण निघतात असं धरून भूमिती मांडत होता, आपले नैयायिकही डोळ्याचा किरण वस्तूपर्यंत जातो असं मानत. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो हे अकराव्या शतकात इब्न अल हैसमनं पद्धतशीर मांडलं. जे उलगडायला माणसाला इतकी शतकं लागली, ते मी पस्तीस मिनिटांच्या तासात लाल पेनानं उरकायला निघाले होते.

आता आवाजाचं बघ. आवाज कानावर पडतो, कानावर येतो, कानात घुमतो. कान आपण देतो, टवकारतो, पण कुणावर टाकत नाही. म्हणजे ध्वनीच्या बाबतीत पोरांची भाषा आधीपासूनच बरोबर आहे. म्हणून आधी ध्वनी शिकव. काहीतरी तिकडे निघतं, मधून प्रवास करतं, इकडे येऊन पोचतं, ही कल्पना कानाच्या बाजूनं पक्की झाली की मग तीच डोळ्याकडे न्यायची.

कंपन हा शब्द कानावर पडण्याआधी बोटांना कळू दे. गळ्यावर बोटं ठेवून ओठ मिटून गुणगुणायला लाव. स्टीलच्या पातेल्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बांध, वर राजगिरा टाक आणि बाजूला तोंड धरून जोरात ओरडायला सांग. आपल्याकडे ज्वारी ढिगानं म्हणून ज्वारी घेशील, तर ती जड पडते, नाचत नाही. मी अख्खा तास तिच्यात वाया घालवलेला आहे. मग एखादं पोर तुला पकडेल: कुजबुजताना गळा थरथरत नाही, मग आवाज कुठून येतो? हा प्रश्न आला तर त्या दिवशी पुढचं काही शिकवू नकोस. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, अरुंद फटीतून जोरानं निघणारी हवाच खळबळते. पण हे लगेच सांगायचं नाही. सुई टोचलेल्या टायरचा, कुकरच्या शिट्टीच्या आधीचा सूं आवाज त्यांनाच आठवू दे.

त्यानंतर गावातल्या भजनी मंडळाचा पखवाज अर्ध्या तासासाठी मागून आण, वाजवणाऱ्या बुवांसकट. डाव्या अंगाला कणीक थापतात हे पोरांनी शंभरदा पाहिलेलं असतं, का थापतात हे कुणी विचारलेलं नसतं. बुवांना आधी कणकेशिवाय वाजवायला सांग, मग थोडी लावून, मग आणखी लावून. कातड्यावर वजन वाढेल तसं ते सावकाश हलतं आणि आवाज खाली उतरतो. उजव्या अंगाच्या काळ्या शाईची गोष्ट याहून भारी आहे. साध्या ढोलाच्या कातड्यातून जे अनेक सूर एकदम निघतात ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नुसता धडधडाट ऐकू येतो. शाई मधोमध नेमकी बसवली की ते सूर एकपट, दुप्पट, तिप्पट असे हिशेबात येतात आणि पखवाज, तबला सुरात बोलतो. हे शास्त्रानं कुणी दाखवलं? चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, १९२० साली, एका सहकाऱ्याबरोबर. पुढच्याच वर्षी ते लंडनला गेले आणि सेंट पॉल चर्चच्या घुमटात कुजबुज भिंतीलगत कशी पळते हे तपासलं. परतीच्या जहाजावर भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना जो प्रश्न पडला, त्याच्या मागे लागून २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला. १९३० सालचं नोबेल त्याचंच. दरवर्षी त्या तारखेला शाळांमध्ये विज्ञान दिनाची भाषणं होतात, रांगोळ्या निघतात. मी पाहिलेल्या एकाही भाषणात पखवाज आला नाही. तू आण.

प्रतिध्वनीसाठी मोकळ्या मैदानाच्या कडेची लांब सपाट भिंत हवी. एखाद्या गोदामाची चालेल, मालकाला विचारून. बरोबर ५० मीटरवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आणि भिंतीवरून परत येणारी टाळी आपल्या दोन टाळ्यांच्या मधोमध पडेल असा ठेका धरायचा. भजनात बसणारी पोरं हे झटक्यात जमवतात, पहिल्या नंबरच्यांना घाम फुटतो. भिंतीपर्यंत जाऊन परत यायचे १०० मीटर अर्ध्या ठेक्यात, म्हणजे एका ठेक्यात आवाज २०० मीटर जाईल एवढा वेळ जातो. वीस ठेके मोबाईलवर मोज. साडेअकरा सेकंद भरले तर चार किलोमीटर भागिले साडेअकरा, म्हणजे सेकंदाला ३४८ मीटर. पुस्तकातला आकडा २० अंश तापमानाचा, ३४३. आपल्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात तो ३५५ च्या आसपास जातो. पोरांचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर त्यांना खोडायला लावू नकोस, थर्मामीटर आणायला लाव.

विजेचं एवढंच सांगते: वळवाच्या पावसात घरात बसून वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. घरात बसून, हे तीनदा सांग. आपल्या भागात शेतात, झाडाखाली वीज पडून माणसं जातात.

आता प्रकाश. त्याआधी शब्दाचा एक खड्डा बुजव. आपल्याकडे "लाईट गेली" म्हणजे वीज गेली, आणि "बार्शी लाईट" म्हणजे १८९७ साली सुरू झालेली आपली छोटी रेल्वे, जिच्यातला लाईट हलकेपणाचा. तुझ्याकडे सेमी-इंग्रजीचा वर्ग असेल तर लाईट हा शब्द उच्चारताच पोरांच्या डोक्यात मीटर आणि तार येते. वर्ग सेमीचा असला तरी आधी प्रकाश म्हण, इंग्रजी नाव मागाहून जोड.

मग बुटाचा खोका घे. एका बाजूला डोळ्यापुरतं भोक, आत पांढरा खडू, वर एक झडप. झडप बंद करून बघायला लावण्याआधी विचार, खडू दिसेल का? बहुतेक म्हणतील, थोडा वेळ थांबलं की डोळा सरावतो, मग दिसेल. त्यांचा अनुभव तसाच आहे, कारण पूर्ण अंधार त्यांनी कधी पाहिलेला नाही. लोडशेडिंगच्या रात्रीही चांदण्या असतात. जुन्या वाड्यातल्या बळदात कोंडून घेतलेल्या आमच्या पिढीला तो अंधार ठाऊक होता. खोक्याच्या फटी काळ्या कागदानं नीट बुजव आणि पाच मिनिटं डोळा लावून बसू दे. खडू दिसत नाही. डोळ्यातून काही बाहेर जात असतं तर दिसायला हवा होता. त्या मुलीला मी हे दाखवलं असतं तर... असो, ती आता दोन मुलांची आई आहे.

पण तुझ्याकडे खरी दौलत आहे ती वेगळीच. तुझ्या शाळेतली एखादी खोली पत्र्याची असणारच, आणि पत्र्याला भोकं असणारच. भोक तिकोनी असो, फाटकं असो, जमिनीवरचा कवडसा गोलच का पडतो, हे कधी पाहिलंस? मीही पाहिलं नव्हतं. १९९५ च्या ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरला सकाळी सूर्यग्रहण लागलं. आईनं दारं-खिडक्या लावून सगळ्यांना आत बसवलं. पडवीवर पत्रे होते. आणि जमिनीवरचे कवडसे एकेक करून चंद्रकोरी होत गेले, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. एवढी वर्षं ज्यांच्यावरून आम्ही चालत होतो ते प्रत्येक वर्तुळ म्हणजे सूर्याचं चित्र होतं. पुस्तकातला सूचिछिद्र कॅमेरा हाच.

आता त्याचं गणित करून घे. भोकापासून किरणाच्या वाटेवर ३ मीटर अंतरावर पांढरा कागद किरणाला काटकोनात धर. कवडसा साधारण २८ मिलिमीटरचा भरेल. भोक जितकं बारीक तितकं माप नेमकं. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे एवढंच सांग. आठवीच्या पोरांना त्रैराशिक येतं: सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर. खरा १३ लाख ९० हजारांच्या घरात आहे. गळक्या पत्र्यानं सूर्य मोजता येतो म्हटल्यावर कोण पोरगं घरी सांगणार नाही? फक्त कुणी भोकाला डोळा लावून सूर्याकडे बघणार नाही, यावर तुझं लक्ष हवं.

सहल काढलीच तर विजापूरच्या गोलघुमटाला ने, सोलापूरपासून शंभर किलोमीटर. घुमट १६५६ चा, आतला व्यास जवळपास ३८ मीटर. आपल्या सहली तिथे जातात, दोनशे पोरं एकदम किंचाळतात आणि परत येतात, कुणाला काही कळत नाही. उघडता उघडता पोच. चौघांनाच वर सज्जात पाठव, दोघं या टोकाला, दोघं समोर. एकानं भिंतीला तोंड लावून हळू बोलायचं. सरळ मधून येणारा आवाज आणि भिंतीच्या कडेनं येणारा, कुठला आधी पोचायला हवा, हे वर्गातच काढून ने. बाकीच्यांना खाली गप्प बसवणं हा यातला सर्वांत अवघड प्रयोग आहे.

एक गोष्ट लगेच करण्याजोगी. वैराग साधारण अठराव्या अक्षांशावर आहे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मेमधला दिवस सुट्टीत जातो. दुसरा जुलैच्या अगदी शेवटी, ३१ च्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास. अंगणात पाईपचा तुकडा ओळंब्यानं उभा कर. सावली पायथ्यात गडप होते. मुंबई-पुण्याकडे त्या दिवसांत ढग असतात. आपण पर्जन्यछायेतले, जुलैतही ऊन पडतं, पाऊस नाही म्हणून सगळे रडत असतात. दोन-तीन दिवस आधीपासून रोज पाईप लावून ठेव, म्हणजे एखादा दिवस ढगात गेला तरी चुकणार नाही.

नोट्स काढून देऊ का असंही तू विचारलं होतंस. दे, परीक्षेच्या पंधरा दिवस आधी. पहिल्या दिवशीच्या त्या बाणांच्या वह्या मात्र तपासू नकोस, फुल्या मारू नकोस, तशाच बाजूला ठेव आणि राखीला येशील तेव्हा घेऊन ये. मला बघायच्या आहेत.

३१ जुलैला ढग आले तर फोन करू नकोस. ऊन पडलं तर कर, मी साडेबारापर्यंत जेवायची थांबते.

तुझी,
आत्या