पुनरुत्थानाचा सण घराघरांत : कुटुंबासाठी चार पाठ



यंदा ईस्टर ५ एप्रिल २०२६ रोजी आहे. पुष्कळ घरांत नाताळाची तयारी महिनाभर चालते. चांदणी लागते, करंज्या होतात, कॅरल गाणारी मुले दारोदार फिरतात. ईस्टर मात्र पहाटेच्या उपासनेने सुरू होतो आणि दुपारच्या जेवणाबरोबर संपतो. शुभ शुक्रवारी तीन तास शांत बसलेल्या मुलाला वाटू लागते की आपल्या धर्मात दुःख लांबलचक असते आणि आनंद आखूड. ज्या सणावर आपला सारा विश्वास उभा आहे (१ करिंथ १५:१४), तोच मुलांच्या आठवणीत सर्वांत फिका राहावा, हे बरे नव्हे.

शुभवर्तमाने वाचताना मला एक गोष्ट दिसते. उठलेला प्रभू लोकांना मंदिरात भेटला नाही. तो बागेत, रस्त्यावर, कडी लावलेल्या खोलीत आणि पाण्याच्या काठी भेटला. ही चारही ठिकाणे आपल्या रोजच्या जगण्यातली आहेत. माझे घर इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर येथे आहे आणि उपासनेसाठी आम्हाला बाहेरगावी जावे लागते. म्हणून घरचा सण घरीच कसा उभा करावा, याचा विचार आम्हाला करावाच लागला. त्यातून हे चार पाठ तयार झाले.

पाठ पहिला : बाग
वाचन : योहान १२:२४, २०:१-१८

झावळ्यांच्या रविवारी, २९ मार्चला, एका पाटीत माती आणि थोडे शेणखत घालून मुलांच्या हातून गहू पेरावा. रोज एकाने पाणी शिंपडावे. शुक्रवारपर्यंत कोंब दिसू लागतात आणि ईस्टरच्या सकाळी पाटी हिरवी होते. मधोमध एक छोटे मडके आडवे ठेवून त्याच्या तोंडाशी दगड ठेवावा. शनिवारी रात्री मुले झोपल्यावर दगड बाजूला करावा. सकाळी मुलेच आधी धावत येतील.

बाग पाहता पाहता चंद्राचाही पाठ होतो. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. आपल्या पंचांगात ही पौर्णिमा कधी फाल्गुनाची, तर कधी चैत्राची असते. यंदा चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला, म्हणजे प्रभुभोजनाच्या गुरुवारीच आहे. त्या रात्री मुलांना गच्चीवर न्यावे. वल्हांडण सण पौर्णिमेला येत असे, म्हणून गेथशेमाने बागेतही असेच चांदणे असणार, एवढे सांगावे आणि पाच मिनिटे गप्प बसावे.

मुलांना प्रश्न : मरियेने प्रभूला माळी का समजले? तिने त्याला कशावरून ओळखले?

पाठ दुसरा : वाट
वाचन : लूक २४:१३-३५

यरुशलेम ते अम्माऊस हे अंतर सुमारे ११ किलोमीटर. तेवढे चालण्याची गरज नाही. ऊन उतरल्यावर शेताच्या बांधाने अर्धा तास चाललो तरी पुरे. दोघादोघांची जोडी करावी, शक्यतो आजी आणि नातू, काका आणि पुतणी अशी. जाताना मोठ्यांनी सरत्या वर्षातले एक दुःख सांगावे, येताना लहानांनी एक आनंद सांगावा. मोबाईल घरी ठेवावा.

कारखान्यात रविवारीही पाळी असते. वडील सकाळी कामावर असतील, तर सण बुडाला असे समजू नये. अम्माऊसचे जेवण दिवस कलल्यावर झाले आणि शिष्यांनाही प्रभू त्या दिवशी संध्याकाळीच भेटला. ज्याची पहाट कामात गेली, त्याच्यासाठी संध्याकाळ राखून ठेवावी.

या पाठातले मुख्य शिक्षण जेवणाच्या पंगतीत आहे. त्या दोघांनी अनोळखी वाटसरूला आग्रहाने घरी नेले आणि भाकर मात्र त्याने मोडून दिली. पाहुणा यजमान झाला. आपल्या तालुक्यात ऊसतोडीला बीड-अहिल्यानगरकडच्या टोळ्या येतात, तशीच नंदुरबारकडची भिल्ल कुटुंबेही येतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता चालवतात आणि मुले कोपीवर राहतात. ईस्टरपर्यंत हंगाम सरत आलेला असतो, बऱ्याच टोळ्या परतीच्या वाटेला लागतात. वीटभट्ट्या मात्र पावसाळ्यापर्यंत चालतात. अशा एखाद्या कुटुंबाला जेवायला बोलवावे.

पण बोलवायचे तर पाहुणे म्हणून बोलवावे. आपण ज्या ताटात जेवतो तीच ताटे, तीच चटई, सगळ्यांची एकच पंगत. फोटो काढू नये. जेवणाला उपदेशाची अट जोडू नये; जेवण हे जेवणच असावे. त्यांना त्यांच्या बोलीतले एखादे गाणे म्हणायला सांगावे आणि आपल्या मुलांनी ते शिकावे. ज्याला आपण फक्त देतच राहतो, त्याला आपण लहान करतो. ज्याच्याकडून काही घेतो, त्याला बरोबरीचा मानतो.

मुलांना प्रश्न : ते दोघे त्या वाटसरूला 'राहा' म्हणाले नसते, तर काय झाले असते?

पाठ तिसरा : बंद खोली
वाचन : योहान २०:१९-२९

हा पाठ ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे त्या घरासाठी आहे. अशा घरी पुष्कळदा सण करू नये असे ठरते आणि शेजारीही येणे टाळतात. शिष्यांचे घरही सुतकी घरच होते. दारे बंद होती आणि माणसे घाबरलेली होती. प्रभू तिथेच आला आणि जखमा न लपवता आला.

म्हणून गेलेल्या माणसाची आठवण ईस्टरच्या दिवशी मोठ्याने काढावी. त्यांच्या आवडीचा एक पदार्थ करावा. मुलांना त्यांची एक मजेची गोष्ट सांगावी. हसू आले तर हसावे, रडू आले तर रडावे. कबरस्थानात जाऊन गवत काढावे, कबर धुवावी, एक मेणबत्ती लावावी. मंडळीतल्या इतरांनी त्या घरी अवश्य जावे.

याच पाठात थोमाची पेटी करता येते. रिकाम्या डब्याला भोक पाडून ठेवावे. मनात शंका असेल त्याने ती चिठ्ठीवर लिहून आत टाकावी, नाव लिहू नये. थोमाला प्रभू आठ दिवसांनी भेटला, म्हणून पुढच्या रविवारी, १२ एप्रिलला, डबा उघडावा. सगळ्या प्रश्नांची उत्तरे येत नसतात. मुलाच्या प्रश्नावर कोणी रागावले नाही, हेही त्याला पुष्कळ असते.

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिनही आहे. त्यांचे निधन १९२२ मध्ये त्याच तारखेला झाले. आपल्याच जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी दुष्काळात उघड्या पडलेल्या स्त्रियांना आणि मुलींना घर दिले, आणि साध्या बायाबापड्यांना समजावे म्हणून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. मुलांना त्यांची गोष्ट या दिवशी सांगावी. बंद दारे उघडली म्हणजे काय होते, हे त्यातून कळते.

पाठ चौथा : किनारा
वाचन : योहान २१:१-१७

हा पाठ मुलांचा सर्वांत आवडता. उजनीचे पाणी आपल्या भागात पसरलेले आहे आणि भिगवणचे मासे सगळ्यांना ठाऊक आहेत. सोमवारी किंवा नंतरच्या एखाद्या सकाळी चिलापी आणावी, हळद, मीठ, तिखट लावून निखाऱ्यावर भाजावी आणि भाकरीबरोबर सगळ्यांनी मिळून खावी. मासे खात नसाल, तर निखाऱ्यावर वांगी किंवा कणसे भाजावीत. काठावर गेलात, तर मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. गाळात पाय रुततात. नशीब असेल तर रोहित पक्षीही दिसतील.

विस्तव पेटल्यावर मोठ्यांनी एक गोष्ट सांगावी. योहानाच्या शुभवर्तमानात निखाऱ्याचा विस्तव दोनदा येतो. पहिल्या विस्तवाजवळ (१८:१८) शेकत असताना पेत्राने प्रभूला नाकारले. दुसरा विस्तव प्रभूने स्वतः पेटवला आणि पेत्राला न्याहारीला बोलावले. आधी खाऊ घातले, मग तीनदा विचारले. घरात कोणाचा अबोला असेल, तर तो सोडण्याची ही योग्य वेळ आहे. हाच क्रम पाळावा : आधी जेवण, मग बोलणे.

रंगीत अंडी
दोन मुठी कांद्याची टरफले पंधरा-वीस मिनिटे उकळून पाणी गाळावे आणि गार होऊ द्यावे. अंड्यावर कोथिंबिरीचे किंवा मेथीचे पान ठेवून पातळ कापडाने घट्ट बांधावे. चमचाभर व्हिनेगर घालून अंडी त्या पाण्यात दहा-बारा मिनिटे उकळावीत. अंडे तांबूस होते आणि पानाचा ठसा पांढरा उमटतो. पिवळ्या रंगासाठी हळद चालते. पूर्वी युरोपात उपासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून ईस्टरला ती आनंदाने खात.

गाण्यासाठी 'उपासना संगीत' घरात असतेच. रेव्ह. ना. वा. टिळकांनी मराठी मंडळीच्या गायनाला भजनाचे वळण दिले. टाळ आणि ढोलकी घेऊन अंगणात बसावे. शेजारीही येऊन बसतात.

चारही पाठ एकाच दिवशी करण्याची गरज नाही. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे २४ मेपर्यंत चालतो. तोपर्यंत सात रविवार हाताशी आहेत. सुट्टी लागल्यावर मामाच्या गावी गेलेली मुले तिथेही अम्माऊसची वाट चालू शकतात.

प्रार्थनेसाठी विषय
१. परतीच्या प्रवासाला निघालेली ऊसतोड कुटुंबे आणि त्यांच्या मुलांची शाळा.
२. वीटभट्टीवर उन्हात राबणारी आदिवासी भावंडे.
३. यंदा ज्या घरी एक जागा रिकामी आहे, ती सर्व घरे.

प्रभू खरोखर उठला आहे. आपल्या घरी त्याचे स्वागत असो.